ओले पंप पाठवणारा माणूस

आवक-जावकचा कारकून भांडारातून मालाच्या पेट्या रवाना करणाऱ्या पेटीमास्तरांना एकोणीस वर्षं ओळखत होता, असं कचेरीतलं कुणीही शपथेवर सांगेल. दोघांची टेबलं एकाच खोलीत होती आणि दोघांच्या डब्यांना ठेवायला एकच फळी होती. पण खुद्द कारकुनाला विचारलंत तर तो चाचरत कबूल करेल, की मास्तरांबद्दल त्याला फार थोडं ठाऊक होतं. त्यांनी लग्न का केलं नाही, रविवारी ते काय करतात, डाव्या करंगळीचं टोक कुठे गेलं, यातलं काहीच त्याने कधी विचारलं नाही. विचारायचं ठरवायचा, मनात शब्द जुळवायचा आणि तोवर मास्तर उठून मागच्या हौदाकडे गेलेले असायचे. तेव्हा हे सगळं अर्धवट ओळखीच्या भरवशावर सांगितलेलं आहे, एवढं आधी सांगून टाकलेलं बरं.

परराष्ट्र खात्याचं ते भांडार बंदराच्या रस्त्याला होतं. सरकारला ज्या देशांशी दोस्ती जोडायची असे किंवा जुनी दोस्ती टिकवायची असे, त्यांच्याकडे इथून वस्तू जात. शिवणयंत्रं, शाळेची बाकं, दवाखान्याच्या खाटा, सौरदिवे. प्रत्येक लाकडी पेटीवर पितळी पट्टी ठोकली जाई, ‘मित्रदेशाच्या जनतेकडून’. पट्टी ठोकायची की पेटी रवाना. खात्याच्या नियमात एवढंच होतं.

मास्तरांच्या नियमात एवढंच नव्हतं. बत्तीस वर्षांत त्यांनी एकही वस्तू वापरून बघितल्याशिवाय बाहेर सोडली नव्हती. खाटा आल्या की त्यांच्यावर ते झोपून बघत, आणि कधी कधी पाऊण तास बघत. बाकावर बसून आपलं नाव लिहून बघत. शिवणयंत्रं आली की सगळ्या कचेरीच्या फाटक्या पिशव्या, उसवलेले खिसे शिवून निघत. एकदा पन्नास शिट्ट्या आल्या होत्या, कुठल्याशा देशाच्या वाहतूक पोलिसांसाठी. तो दिवस आठवला की उपसचिव बाई अजून कानावर हात ठेवतात.

“अहो मास्तर, सील फोडता तुम्ही,” बाई म्हणत. “कारखान्याने तपासूनच पाठवलेलं असतं.”

“कारखान्याला आपल्याशी दोस्ती करायची नसते, बाई. त्यांचा माल गेला की संपलं,” मास्तर म्हणत. “आपली वस्तू जो रोज वापरतो त्याला आपण रोज आठवतो. बंद पडली तर मात्र दिवसातून चारदा आठवतो.”

बाई हसत आणि वर जात. वरच्या मजल्यावर देशाचं धोरण ठरे, खालच्या मजल्यावर त्याला खिळे ठोकले जात. मधल्या जिन्यावर आवक-जावकचा कारकून कागद घेऊन चढउतार करी. मास्तर त्याला ‘आवकराव’ म्हणत. त्याला ते आवडत असे, पण तसं सांगायला कधी जमलं नाही.

त्या वर्षी वरच्या मजल्यावर एका बेटाची फार चर्चा होती. नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली अख्खं झाकलं जाईल एवढंसं बेट. पण बाईंनी सगळ्यांना गोळा करून समजावलं तेव्हा कारकुनाचेही डोळे विस्फारले. “आपली मालवाहू जहाजं इंधनासाठी चार दिवसांचा वळसा घालतात,” बाई म्हणाल्या. “या बेटाच्या खाडीत थांबायची परवानगी मिळाली तर वळसा वाचला. शिवाय जागतिक सभेत त्यांचं एक मत आहे. मतं मोजताना बेट केवढं, हे कुणी विचारत नाही.”

“मग अडलंय कुठे?” दुभाष्याने विचारलं. खात्यात त्या बेटाची भाषा येणारा तो एकटाच होता, त्यामुळे तो जरा टेचातच असायचा.

“अडलंय असं, की एका बड्या देशाने त्यांना सभागृह बांधून दिलंय. आठशे खुर्च्यांचं.”

“माणसं किती आहेत बेटावर?” मास्तरांनी विचारलं.

“चौदा हजार. आणि निम्म्या गावांना पिण्याचं पाणी दोन मैलांवरून आणावं लागतं.”

“म्हणजे खुर्चीत बसून तहान लागायची सोय झालीय,” मास्तर म्हणाले.

बाईंनी ठरवलं, आपण पंप द्यायचे. हाताने चालवायचे पाचशे पंप, प्रत्येक वाडीला एक. स्वस्त, साधे, आणि दांड्यावर रोज शंभर हात पडणारे. खात्याचा सगळा निधी त्या सभागृहाच्या झुंबरालाही पुरला नसता, पण पंपांना पुरला.

पहिले तीनशे आले आणि मास्तरांच्या पायाला भिंगरी लागली. मागच्या हौदावर त्यांनी लोखंडी घोडा बसवला. एकेक पंप त्यावर चढवायचा, वीस वेळा दांडा हाणायचा, सातव्याला पाणी आलं नाही तर उघडायचा. आत चामड्याची वाटी असते. ती कोरडी राहिली की आक्रसते, आणि मग कितीही दांडा हाणा, पंप नुसता उसासे टाकतो. मास्तरांनी तीनशे वाट्या तेलपाण्यात भिजवल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि परत बसवल्या. तीन आठवडे भांडारात चिखल होता. कारकुनाची आवक-जावकची वही एकदा भिजली, बाईंच्या चपला दोनदा भिजल्या, आणि सहीसाठी आलेले लेखा अधिकारी तर असे भिजले की त्यांना सौरदिव्याच्या खोक्यावर वाळत बसवावं लागलं.

पुढच्या दोनशेंची मात्र घाई झाली. सभागृहाच्या उद्घाटनाची तारीख ठरली होती, त्याआधी आपले पाचशे पुरे व्हायला हवेत असा वरून निरोप आला. ते दोनशे कारखान्यातून थेट जहाजावर चढले.

“वाट्या भिजवल्या नाहीत त्यांच्या,” मास्तर म्हणाले.

“सील आहे ना त्यांना.”

“सीलने पाणी चढत नाही, बाई.”

पण जहाज सुटलं होतं. आणि मास्तरांना वाईट वाटायला सवड मिळाली नाही, कारण त्याच आठवड्यात बाईंनी त्यांना वर बोलावलं. खाडीच्या करारासाठी सात जणांचं शिष्टमंडळ बेटावर जाणार होतं. महिनाअखेर मास्तर निवृत्त होणार होते. बत्तीस वर्षं परदेशी पेट्या पाठवल्या आणि स्वतः बंदराच्या फाटकापलीकडे कधी गेले नाहीत, हे बाईंच्या लक्षात होतं. सातवं नाव त्यांनी मास्तरांचं घातलं.

मास्तर खाली आले ते जिन्याच्या तीन-तीन पायऱ्या सोडत. साठीला टेकलेला माणूस. येऊन त्यांनी आवकरावांच्या टेबलावर हात आपटला. म्हणाले, “ते पंप चालताना बघीन मी.” आणि लगेच लाजून हौदाकडे गेले. आठवडाभर ते शीळ घालत फिरत होते. शीळ बेसूर होती, पण कुणी टोकलं नाही.

त्यांच्या घरी त्यांची थोरली बहीण होती. मास्तर डबा विसरले की ती स्वतः घेऊन यायची, म्हणून सगळ्यांची ताई झालेली. तिने नवी बॅग आणली आणि ती दाखवायला थेट भांडारात आली.

“बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पेट्या भरतोय,” ताई आवकरावांना म्हणाली. “स्वतःची एक भरता येत नाही याला. काल तीन सदरे घातले, मग दोन काढून पाना ठेवला.”

“तिथे लागेल तो,” मास्तर म्हणाले.

“आणि सदरा लागणार नाही?”

आणि मग बेटाचं पत्र आलं.

इथे कचेरीची एक रीत सांगायला हवी. परभाषेतलं पत्र आलं की दुभाष्या त्याच दिवशी माथ्यावर पेन्सिलीने एका ओळीत विषय लिहून देई. पूर्ण भाषांतर मात्र नंबराने होई, आणि नंबर लागायला महिना-दीड महिना जाई. कारकून ती ओळ वहीत उतरवून पत्र वर पाठवी. पत्रासोबत काही जोडलेलं असेल तर ते खाली त्याच्या कपाटात राही. वरचे लोक विषय वाचून निर्णय घेत. इतकी वर्षं काही बिघडलं नव्हतं, निदान कळलं तरी नव्हतं.

या पत्रावर दुभाष्याने लिहिलं होतं, ‘पंप ओले आल्याबाबत’. कारकुनाने सुवाच्य अक्षरात ते वहीत उतरवलं आणि पत्र वर पाठवून दिलं.

संध्याकाळच्या आत मास्तरांच्या टेबलावर बाईंच्या सहीची नोटीस आली. सीलबंद माल फोडून, भिजवून मित्रदेशास पाठवल्याबद्दल कारवाई का करू नये, याचा खुलासा करावा. आणि शिष्टमंडळाच्या यादीत सातव्या नावावर रेघ होती. त्या जागी स्वागताची भाषणं लिहिणारे एक अधिकारी आले होते.

मास्तरांनी खुलासा लिहिला. एकाच ओळीचा. ‘भिजवले म्हणून ओले आहेत.’ मग ते हौदावर गेले आणि एक सुटा दांडा हाणत बसले. घोड्यावर पंप नव्हताच, रिकाम्या घोड्यावरच हाणत होते.

ताई दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आली. “बॅग परत घेतील का हो दुकानात?” एवढंच आवकरावांना विचारून गेली.

कारकुनाने आपला डबा न उघडताच फळीवर ठेवला. विषय त्यानेच तर उतरवला होता. पण दुभाष्याने लिहिला तो उतरवणं हेच त्याचं काम, मग आपली चूक म्हणावी तरी कशी, आणि नाही म्हणावी तर ताईचा प्रश्न सारखा का आठवतोय? दोन दिवस तो स्वतःशीच वाद घालत राहिला आणि दोन्ही बाजूंनी हरला. शिष्टमंडळ निघायला तीन दिवस उरले होते.

तिसऱ्या सकाळी काही काम नसताना त्याने कपाट उघडलं. पत्राचं जोडपत्र आत पडलं होतं. एक फोटो होता. पंपाभोवती तीस-चाळीस माणसं, सगळी नखशिखांत भिजलेली आणि सगळी हसत असलेली. एक म्हातारी दांड्याला लोंबकळत होती. मागे कुणीतरी पोराला खांद्यावर घेऊन धारेखाली धरलं होतं. खाली शाईने दोन पंप काढले होते. एकातून पाण्याच्या रेघा निघत होत्या, दुसऱ्यातून काहीच नाही, आणि त्या दुसऱ्याशेजारी एक चिंताक्रांत गाय काढली होती.

कारकून फोटोकडे बघत राहिला. तक्रार करणारा माणूस हसरा फोटो जोडेल? आणि गाय कशाला काढेल?

तो दुभाष्याकडे गेला. “या पत्राचं पूर्ण भाषांतर हवं होतं.”

“सदतिसावा नंबर आहे,” दुभाष्या मान वर न करता म्हणाला.

“आज हवं होतं.”

“सगळ्यांना आजच हवं असतं.”

एरवी कारकून ‘बरं’ म्हणून परत फिरला असता. या वेळी तो समोरच्या स्टुलावर बसला. फोटो त्याने दुभाष्याच्या पुढ्यात उभा केला, पेनाच्या कपाला टेकवून. दुभाष्याने दोन ओळी लिहिल्या, फोटोकडे बघितलं. आणखी एक ओळ लिहिली, फोटोकडे बघितलं.

“ही गाय का अशी दिसतेय?” तो शेवटी म्हणाला.

“तेच विचारायला आलोय.”

दुभाष्याने पत्राची खात्यातली प्रत काढली आणि उभ्यानेच वाचायला लागला. दुसऱ्या परिच्छेदाला त्याच्या भुवया वर गेल्या, तिसऱ्याला तो फस्सकन हसला, आणि चौथ्याला त्याने कारकुनाचं मनगट धरून त्याला दाराबाहेर ओढलं. दोघे जिन्यावरून असे धावले की समोरून येणारे लेखा अधिकारी, हौदाच्या आठवणीने असेल, भिंतीला चिकटून उभे राहिले.

बाईंच्या खोलीत बैठक चालली होती. भाषणवाले अधिकारी मैत्रीवरची एक लांबलचक उपमा वाचून दाखवत होते. कारकून आत शिरला आणि सगळ्यांनी मान वर केली. त्याने फक्त फोटो पुढे केला.

“म्हातारी कोण ही?” बाईंनी विचारलं.

“माहीत नाही,” कारकून म्हणाला. “पण ती आपल्या बाजूची आहे.”

मग दुभाष्याने वाचलं. बेटाच्या पाणीखात्याच्या अभियंत्याचं पत्र होतं. पहिले तीनशे पंप ओले आले. आम्हाला नवल वाटलं. संध्याकाळी बसवले, सकाळी पाणी. तीनशेपैकी तीनशे. मागचे दोनशे कोरडे आले, छान चकचकीत. त्यातले एकशेसाठ पाणी ओढत नाहीत. लोक आमच्या कचेरीत येऊन ओल्या पंपाची मागणी करतात, कोरडा नको म्हणतात. तरी कृपया यापुढे ओलेच पंप पाठवावेत, आणि ते ओले करणाऱ्या माणसालाही पाठवावं. खाडीच्या करारावर आमची सभा बारा तारखेला बसते. कोरड्या वाड्यांचे सभासद विचारत आहेत, की पहिला मित्र आणि दुसरा मित्र एकच आहे का.

भाषणवाल्यांनी आपली उपमा हळूच घडी करून खिशात घातली.

“म्हणजे आपली जहाजं, चार दिवसांचा वळसा, जागतिक सभेतलं मत,” बाई बोटं मोजत म्हणाल्या, “सगळं एका चामड्याच्या वाटीवर अडकलंय.” आणि त्या हसू लागल्या. आधी तोंडावर हात धरून, मग हात सोडून. सगळी खोली हसायला लागली, भाषणवालेही, कारण बोटीच्या विचारानेच त्यांना मळमळत होतं आणि आता सुटका दिसत होती. हसता हसताच बाईंनी यादी ओढली, सातवं नाव खोडलं आणि नवं लिहिलं. नोटिशीची आपल्याकडची प्रत फाडली. मग जरा गंभीर होऊन म्हणाल्या, “मास्तरांना मीच सांगते. माफीही मलाच मागायला हवी.”

सगळी वरात हौदाकडे निघाली. मास्तर घोड्याला रंग देत बसले होते. बाईंनी माफी मागितली, पत्र सांगितलं, यादी दाखवली. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं.

“किती ओढत नाहीत म्हणाले?”

“एकशेसाठ. पण मास्तर, तुम्ही जाताय, कळलं का?”

“कळलं,” मास्तर म्हणाले. “दोनशे वाट्या लागतील. चाळीस जास्तीच्या असलेल्या बऱ्या.” आणि ब्रश हातात तसाच धरून ते भांडारात पळाले. वाटेत आवकरावांच्या सदऱ्यावर हिरवा पट्टा उमटला. तो सदरा त्याने पुढे घरी घालायला ठेवला.

उरलेले दोन दिवस भांडारात नुसती धांदल होती. बाई स्वतः बाह्या सरसावून चामडं तेलात बुडवत होत्या. दुभाष्या मास्तरांना बेटाची भाषा शिकवत होता. मास्तरांनी तीनच वाक्यं शिकायची ठरवली होती. ‘उघडून बघू’, ‘पाना द्या’ आणि ‘गाय कशी आहे’. तिसऱ्याचा उच्चार काही केल्या जमत नव्हता, तरी ते जाता-येता, जो भेटेल त्याला गायीची खुशाली विचारत होते.

निघायच्या दिवशी खात्याच्या अंगणात बस उभी होती. ताई बॅग उचलायला गेली आणि जागची हलेना.

“यात काय भरलंयस?”

“वाट्या.”

“आणि कपडे?”

“अंगावर आहेत ना.”

“आठ दिवस?” ताई म्हणाली. “तिथले लोक म्हणतील, पंप ओला आणि माणूस मळका.” पण बोलता बोलताच पिशवीतून तिने तीन सदरे काढून त्याच्या हातात कोंबले. तिला ते आधीच माहीत असावं.

मास्तर आठ दिवसांसाठी गेले आणि साडेतीन वर्षं राहिले. बारा तारखेला सभा बसली तेव्हा सगळे एकशेसाठ काही ओढू लागले नव्हते, नव्वद लागले होते. पण कोरड्या वाड्यांचे सभासद मास्तरांच्या हाताखाली पाने धरून होते. त्यांनी सभेला यायला उशीर केला आणि येऊन हात वर केले. जहाजं खाडीत थांबू लागली. मग बेटाकडून पत्र आलं, मास्तरांना आणखी एक महिना ठेवून घ्यावं म्हणून. मग आणखी एक. मग त्यांनी तिथल्या माणसांना शिकवायची एक छोटी शाळाच काढली, आणि आपल्या खात्याने तिला निधी दिला. बाई सांगत, आजवर दिलेल्या निधीत सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त उपयोगी तोच. वर्षभराने ताईही गेली. त्या आठशे खुर्च्यांच्या सभागृहात बसून आले, थंडगार आहे, असं तिने कळवलं. मास्तरांनी स्वतः पत्र कधी लिहिलं नाही. ते ठीक आहेत एवढं आवकरावांना बेटाच्या सरकारी पत्रांवरून समजे, आणि त्या पत्रांचं पूर्ण भाषांतर आता त्याच दिवशी होई. चौथ्या वर्षी जे आलं तेही. ते झोपेत गेले, बेटावरच, असं त्यात होतं, आणि त्या दिवशी कुठल्या कुठल्या वाड्यांतली माणसं आली होती ती सगळी नावं होती. दीड पान नावं.

म्हणजे कारकुनाचं त्यांच्याशी शेवटचं बोलणं झालं ते त्या अंगणात, बस सुटताना. त्याने काय काय ठरवलं होतं. नोटिशीबद्दल बोलायचं, वहीतल्या त्या ओळीबद्दल सांगायचं, करंगळीचंही विचारून टाकायचं. मास्तर खिडकीशी बसले होते आणि खिडकीशी झटत होते. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं होतं.

“लागत नाही हो ही, आवकराव.”

“आधी वर उचला,” कारकून खालून म्हणाला. “मग ओढा.”

“अशी?”

“थोडी अजून वर.”

“हां. लागली.”

“लागली ना नीट?”

“लागली, लागली,” मास्तर काचेआडून म्हणाले.